मागचं वजन

आमच्या घरी मोटार आली ती म्हातारी होऊनच. बाबा नागपुरात महाल भागातल्या एका मालगुजार जमीनदारांचे ड्रायव्हर होते. मालगुजारांनी नवी बंद गाडी घेतली आणि जुनी, कापडी टपाची उघडी गाडी बाबांना देऊन टाकली. गल्लीत सगळ्यांना वाटलं, केवढी मोठी बक्षिसी. आई म्हणाली, "म्हातारा बैल दान केला का वैरन दुसऱ्याच्या गळ्यात पडते." आईचं तोंड असं होतं. माझं तिच्यावरच गेलं आहे.

पण गाडीत बसायला तिला आवडायचं. सुटीच्या दिवशी बाबा आम्हा दोघींना अंबाझरी तलावापर्यंत फिरवून आणत. आई मागच्या गादीवर पाय वर घेऊन बसायची, शेंगा फोडायची आणि टरफलं गादीच्या फटीत खुपसायची. बाबा रागवायचे, ती पुन्हा खुपसायची.

आई गेली ते याच गाडीत. ती दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी भिवापूरला होती, मी तिच्यासोबत. एके सकाळी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं आणि थांबेचना. सुईणीनं हात टेकले. नशिबानं बाबा आदल्याच दिवशी गाडी घेऊन भेटायला आले होते. आईला मागच्या गादीवर निजवलं, तिचं डोकं मामीच्या मांडीवर, आणि मी नि मामा पुढे बाबांजवळ. उमरेडपर्यंत गाडी बरी चालली. त्याच्या पुढे एक नाला लागतो आणि नाल्यापलीकडे मुरमाचा लांब चढ. त्या चढावर इंजिन दमलं. पाणी उकळून झाकणातून वाफ निघायला लागली. बाबा म्हणाले, "उतरा सारे. वजन कमी करा."

आम्ही उतरलो. मामीनं आईचं डोकं लुगड्याच्या बोचक्यावर टेकवलं आणि तीही उतरली. गाडीत एकटी आई राहिली. मामा मागून ढकलत होता, मी आणि मामी पायी चालत होतो, आणि गाडी आमच्यापेक्षा हळू चालत होती. मधेच थांबायची, निवायची, मग परत हँडल मारायचं. नागपुरात इस्पितळाशी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईची पापणी वर करून पाहिली आणि सोडून दिली. बाळ पोटातच राहिलं.

मी रडले नाही. बायका एकमेकींना म्हणाल्या, पोर मोठी समजूतदार आहे. समजूतदार कसली? मला काही वाटतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, त्याच्याही आधी पाय नुसताच बधिर होतो, तसं सगळं अंग झालं होतं. जेव म्हटलं की जेवायचे, नीज म्हटलं की निजायचे.

तेरवीचं जेवण उरकल्यावर मामानं विषय काढला. आईविना पोर, घरात दुसरं बाईमाणूस नाही, बाप दिवसभर दुसऱ्याची गाडी हाकणार. अशा मुलीला आजोळी नेतात, ही आमच्याकडची रीतच होती, त्यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

"पोरीले आमी नेतो, भाऊजी," मामा म्हणाला. "तुमी कायजी करू नका."

बाबा रिकामा द्रोण अंगठ्यानं दाबत बसले. मग म्हणाले, "गाडी दुरुस्त होऊ द्या. मीच आनून सोडतो."

म्हणजे गाडी झाली की मी जाणार. मला जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मुलीला विचारायचं असतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात तरी यायचं का?

बाबांनी गाडीचं जे केलं त्याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे तिची थट्टाच होती. आधी त्यांनी जुनं इंजिन काढलं. मालगुजारांच्या बग्गीखान्यामागे मोठं चिंचेचं झाड होतं, त्याच्या फांदीला साखळी बांधून गल्लीतल्या माणसांनी ते वर ओढलं. ते झाडाला लोंबकळत असताना बाबा खाली उभे राहून त्याच्याकडे नुसते बघत होते. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दिली नाही.

दुसरं इंजिन आणलं ते कामठी रोडवर उलटून पडलेल्या एका लॉरीचं. चार सिलिंडरांच्या जागी सहा सिलिंडरांचं. ते लांबीला जास्त निघालं, म्हणून रेडिएटर पुढे सरकवावा लागला, बॉनेट कापावं लागलं, आणि इंजिन बसवायला लोहाराकडून नव्या लोखंडी पट्ट्या घडवून घ्याव्या लागल्या. मालगुजारांची चाकरी संपली की बाबा रोज संध्याकाळी तिथंच असत. मी चिंचेखाली बसून असे. घरी एकटी काय करणार?

इंजिन बसल्यावर थांबायला हवं होतं, पण मग त्यांनी गाडी हलकी करायला घेतली. आधी टप काढला, त्याच्या लोखंडी कमानी काढल्या. मग दारं, मग मडगार्ड, पायदानं, समोरची काच, मागची पेटी. आणि काढलेली प्रत्येक वस्तू ते शेजारच्या लाकडाच्या वखारीत, टालीवर, नेऊन मोठ्या काट्यात तोलत. दार तोललं, किती शेर ते पुटपुटले, बाजूला ठेवलं. काढलेलं सगळं किती भरतं, एवढंच त्यांना हवं होतं. कुठून काढलं याचा विचार त्यांनी केला नाही. आयुष्य मोटारींत घालवलेला माणूस, पण टालीवर लाकूड तोलतात तशी त्यांनी गाडी तोलली.

टालवाला काका तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "गाडी शेरानं विकून राहिला का गा?"

"हलकी करून राहिलो."

"काहून पन?"

"चढावर दमते."

टालवाला काट्याची साखळी धरून उभा राहिला. "आता कोनाले न्यायचं हाय चढावरून? बैल गेला न् झोपा केला, बावा, तुवं असं झालं."

बाबांनी मडगार्ड उचललं आणि परत आले. टालवाल्याचं बोलणं खरं होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला. त्याची बायको आम्हाला रोज वाटीभर भाजी पाठवायची, आणि त्या दिवशी मी ती खाल्ली नाही. तेवढाच माझा निषेध.

पुढे कळत्या वयात किती जणींनी मला समजावलं की अगं, तुझ्या बापाला तुला सोडायचंच नव्हतं, म्हणून तो हे काढ, ते काढ करत दिवस लांबवत बसला. म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मी तिथं होते. मी त्यांचं तोंड पाहिलं आहे. त्या तोंडावर मला ठेवायचं किंवा धाडायचं, असं काहीच नव्हतं. ते त्या चढावरच होते अजून, आणि गाडी वर न्यायची होती.

शेवटी मागची गादी उरली. मला वाटलं होतं ती ते ठेवतील. त्यांनी पाना लावला, बोल्ट सोडले आणि गादी उचलून उभी केली. फटीतून टरफलं पडली. भरपूर होती. काही गादीला चिकटून राहिली होती ती बाबांनी हातानं झटकली, आणि मग गादी टालीवर नेली. टरफलांचं वजन त्यात येऊ नये म्हणून झटकली. मी ती टरफलं बघत बसले. उचलून ठेवावीत असं मनात आलं नाही. वाऱ्यानं ती चिंचेच्या पाचोळ्यात मिसळली.

आता गाडीत पुढची एक गादी, चाकं, इंजिन आणि मागे उघड्या लोखंडावर ठोकलेली दोन फळकुटं, एवढंच राहिलं. पुढचं इंजिन जड, मागे काही नाही, त्यामुळे पाणी प्यायला वाकलेल्या गाईसारखी ती दिसायची. दसऱ्याला बाबांनी तिला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. माळ बांधायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती रेडिएटरच्या झाकणाला गुंडाळली. मग त्यांनी सिव्हिल लाइन्सच्या पक्क्या सडकेवर एक चक्कर मारली. आवाज असा की कावळे उडाले. परत येऊन म्हणाले, "झाली."

मी माझ्या कपड्यांचं बोचकं बांधलं.

दिवाळीच्या आधी आम्ही निघालो. मी पुढे बाबांच्या शेजारी. काच नव्हती, सगळा वारा तोंडावर.  गाडी खरंच धावत होती. येणारे बंडीवाले बैलांना बाजूला घेऊन आमच्याकडे बघत उभे राहत.

उमरेडच्या अलीकडे तो नाला आला. चढ जातायेता दोन्ही बाजूंनी सारखाच होता, नाल्यात उतरायचं आणि चढायचं. पावसाळा संपल्यावर सडकेवर नवा मुरूम टाकला होता, अजून दबला नव्हता. बाबांनी गियर बदलला आणि जोर दिला. इंजिन गरजलं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम मागे उडायला लागला. गाडी वर जायच्या ऐवजी शेपूट हलवत आडवी झाली आणि सडकेच्या कडेला जाऊन थांबली. बाबांनी पुन्हा जोर दिला. पुन्हा तेच. जुनं रडतखडत का होईना चढलं होतं. हे जागचं हलेना.

बाबा उतरले. मागच्या चाकाजवळ बसले, टायरवर हात ठेवला. तिथंच त्यांना कळलं असणार. काढलं ते जवळजवळ सगळं मागचं काढलं होतं, आणि चाकांना जमीन धरायला वजनच ठेवलं नव्हतं. ते मग उभे राहिले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मांगं जाय," ते म्हणाले. "चाकावर बस. घट धरजो."

मी बोचकं घेऊन मागे गेले आणि त्या फळकुटांवर बसले. खाली चाक, चाकाखाली मुरूम. बाबांनी मोठमोठे दगड आणून माझ्या दोन्ही बाजूंना रचले. मग हँडल मारलं. गाडी हिसका देऊन थरथरली आणि चढायला लागली. दगड उड्या मारत होते, एकेक करून खाली पडले, मी मात्र पडले नाही. चढ संपला तेव्हा मागे मी एकटीच होते.

बाबांनी गाडी थांबवली नाही, मला पुढे बोलावलं नाही. आणि तिथं, उघड्या लोखंडाला धरून बसलेल्या मला, आई गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं. मला आनंद झाला. गाडीला मी लागते. माझ्याशिवाय ती चढ चढत नाही, आणि परतीच्या वाटेवरही तोच नाला आहे, पलीकडे तसाच चढ आहे. मला सोडून ते परत जाणार कसे? न्यावंच लागेल. भिवापूर येईपर्यंत मी हाच हिशेब परत परत घोकत होते, आणि प्रत्येक वेळी तो बरोबर येत होता.

मामाच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मामीनं मला पोटाशी धरलं, मी तिच्या खांद्यावरून गाडीकडे बघत होते. बाबांनी भाकर खाल्ली, पाणी प्यायले आणि लगेच निघायची तयारी केली. मामा म्हणाला, रहा. ते नाही म्हणाले. मामी मिरचीचं पोतं घेऊन आली. जावयाला रिकाम्या हातानं धाडायचं नसतं.

बाबांनी पोतं एका हातानं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मिरची हलकी होते," ते म्हणाले. "जवारीचं हाय का?"

"कशाले, भाऊजी? दानं तर तुमच्याकडे भेटतेच," मामी म्हणाली.

"मांगं वजन पाहिजे. चाकं धरत नाईत." मग माझ्याकडे न बघता त्यांनी हातानं दाखवलं. "हिच्या येवढं असलं तरी पुरते."

मामानं कोठीतून जवारीचं पोतं काढलं. दोघांनी मिळून ते उचललं आणि मागच्या फळकुटांवर ठेवलं, मी बसले होते तिथंच. बाबांनी त्याला दोर आवळला, हलवून पाहिलं, आणखी एक गाठ मारली. मला कुणी बांधलं नव्हतं. मग ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मामीचं आयकजो." हात जड होता. तो त्यांनी लवकर उचलला.

गाडी अंगणातून निघाली. मामाच्या घरापुढेही थोडा मुरमाचा चढ होता, तो सडकेला मिळायचा. मी पळत जाऊन कुंपणाशी उभी राहिले. बाबांना बघत नव्हते मी. मागची चाकं बघत होते. घसरा, एवढंच मनात म्हणत होते, एकदा तरी घसरा.

चाकं एकदाही घसरली नाहीत. पोत्यानं भागलं होतं.