तीन मजले, एकच पासवर्ड

पालेगावातल्या आमच्या घराला तीन मजले आणि तीन राऊटर. खाली सासू-सासरे, मधल्या मजल्यावर मोठे दीर आणि जाऊ, वर मी आणि माझा नवरा. सासऱ्यांनी बांधताना स्लॅबमध्ये इतकी सळई घातली आहे की भूकंप झाला तर आजूबाजूचे टॉवर पडतील आणि आम्ही उभे राहू. फक्त त्या स्लॅबमधून वायफाय काही वर येत नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक डबा.

तीन कनेक्शन घ्या, असं मी सुरुवातीलाच सुचवलं होतं. सासरे म्हणाले, "चूल एक, मीटर एक, मंग नेट तीन कशाला? लोक म्हनतील, घर फुटला." झालं! एक कनेक्शन, तिन्ही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड, आणि सगळी देखभाल माझ्या गळ्यात, कारण मी घरून कंपनीचं काम करते. खालचा राऊटर कारभारी. घरातल्या प्रत्येक मोबाईलला, टीव्हीला नेटवरचा ओळखीचा नंबर द्यायचा तो त्यानेच. वरच्या दोघांनी नुसतं नेट पोचवायचं. तेही नंबर वाटायला लागले की कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात राहत नाही. सासऱ्यांना ही व्यवस्था फार आवडली.

मी मात्र तिच्यात अडकले. नेट अडलं की खालून हाक, मधून हाक. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये माझं माहेर. तिथे आईचा चहा पुढ्यात येतो न येतो तोच फोन, "नेट गेला गो." मला गुदमरायला व्हायचं. मला दोन खोल्यांचं स्वतःचं घर हवं होतं, एकाच राऊटरचं, आणि तो बंद पडला तर मी खुशाल लोळत पडले असते. नवऱ्याची कंपनी बदलापूरला. तिथे भाड्याचा एक फ्लॅट आम्ही बघूनही ठेवला.

सासरे आदळआपट करतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "जा. पन मोठीला हा नेटचा सगला शिकव. तिला जमला की खुशाल जा."

म्हणजे माझी सुटका जावेच्या हातात. ती उल्हासनगरहून येणारं जीन्सच्या शिलाईचं काम घरी करते, मशीन बिघडलं तर स्वतः खोलून जोडते. पण राऊटरपुढे बसवली की दगड. "हा कुठं दाबायचा गो?" रोज तेच. पालथ्या घड्यावर पाणी! तिकडे फ्लॅटचा एजंट विचारत होता, घेताय की दुसऱ्याला देऊ.

अशात नवरात्र आलं आणि मी माहेरी गेले. खंडेनवमीला सासूबाईंनी कोयते, विळे आणि ट्रॅक्टरच्या चावीसोबत तिन्ही राऊटरही पूजेला मांडायचं ठरवलं. त्याआधी पुसायला घेतले. मधल्या मजल्यावरच्या डब्याच्या मागच्या बारीक भोकात धूळ दिसली, म्हणून डबा चालू असतानाच ती टाचणीने कोरून काढली. ते रीसेटचं बटण होतं. डबा सगळं विसरून कोरा झाला आणि परत लावल्यावर स्वतःच नंबर वाटायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा फोन आला, "टीवी बंद, सगला बंद."

चरफडत रिक्षात बसले. घरी पोचले तर सासरे टीव्हीवर कुस्ती बघत होते. म्हणाले, "आपोआप आला."

राऊटर आपोआप काही करत नाही. मी मधल्या मजल्यावर जाऊन सेटिंग उघडलं. नाव, पासवर्ड, नंबर वाटणं बंद, सगळं मी शिकवलं होतं तसंच. डब्यावर कुंकू तेवढं जास्तीचं.

जाऊ मशीनवर खिसे शिवत होती.

"ताई, हे तुम्ही केलंत?"

"मंग कोन करील?"

"मग इतके दिवस जमत नाही म्हणून—"

तिने मशीन थांबवलं. "पयल्याच दिवशी जमला मला. पन जमला म्हनलं तर तू जाशील. मंग या घरात मी कोनाशी बोलू?"

मला भयंकर राग आला. माझं घर हिने अडवून धरलं होतं! दीर तिच्याशी जेवणापुरतं बोलतात. स्वयंपाकघरात सासूबाई असतात, तिथे ती मान वर करत नाही. ती मोकळी बोलते ती मी राऊटर बघायला खाली उतरते तेव्हाच. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

खालून सासऱ्यांनी विचारलं, "मोठीनं केला काय गो? जमला तिला?"

जाऊ माझ्याकडे बघत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी फ्लॅट माझा होता.

मी जिन्यात गेले आणि ओरडले, "नाही हो, आपोआपच आलं. त्यांना कुठलं जमतंय."

मग वर येऊन दार लावून घेतलं. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.