बागेच्या इतिहासात नसलेले बाबा

नाशिकजवळच्या आमच्या घरच्या वाईनरीत हल्ली भिंतीवर बागेचा इतिहास लावलाय. एका माणसाने एकट्याच्या हिमतीवर माळरानावर बाग उभी केली, असं त्यात लिहिलंय. तो माणूस म्हणजे माझे काका. साफ खोटं आहे.

माणसं दोन होती. दुसरे माझे बाबा, बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला ते दरवर्षी रजा टाकून जायचे. आम्हाला त्यांनी कधी कुठे फिरायला नेलं नाही; सगळी रजा त्या बागेने खाल्ली. वेलींसाठी लोखंडी खांब त्यांनी उभे केले, तारा त्यांनी ताणल्या. छाटताना काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राखायचे, हे मजुरांना शिकवलं तेही त्यांनीच.

मग काकांनी वाईन करायचं ठरवलं आणि नेमकं तेव्हाच माझं लग्न जमत होतं. बडोद्यातल्याच गोत्री भागातलं स्थळ, नाकाने कांदे सोलणारी माणसं, त्यात गुजरातेत दारूबंदी. 'दारूवाल्यांची मुलगी' म्हणून स्थळ मोडेल, या धास्तीने बाबांनी भावाला कळवलं, 'माझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस.' काकांनी ती आज्ञा अगदी आनंदाने पाळली. बाबांनी छाटणीला जाणंही सोडलं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हे आता लपवून काय करू?

गेल्या हिवाळ्यात वाईनरी बघायची टूम काढली ती माझ्या सासूबाईंनीच. "सगळ्या सोसायटीची माणसं जाऊन आली. आपल्या तर घरची आहे! तुझ्या बाबांनाही घे बरोबर."

बाबांनी तो इतिहास उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला. सासूबाई हातात ग्लास घेऊन त्यांच्या शेजारी आल्या. दोन घोट झाले होते, चेहरा खुलला होता.

"व्याही, तुमच्या भावाने काय सरस उभं केलंय हो! तुम्ही नाही का कधी मदतीला आलात?"

"नाही," बाबा म्हणाले. "नोकरीतून सवडच झाली नाही."

मी हातभर अंतरावर होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. आता लग्न मोडायची भीती नव्हती, कुणाची लाज नव्हती. सासूबाईंनी मोबाईल माझ्या हातात दिला, आणि मी बाबांना जरा बाजूला सरकायला सांगून सासूबाईंचा त्या इतिहासासमोर फोटो काढला.