रस्त्यावरचं सुतक

सुमतीआत्या झोपेत गेली. हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण बातमी कळल्यावर जो तो मला पहिल्यांदा हेच विचारी, "गाडीखाली का?" सत्तरी ओलांडल्यावरही चामराजपुरममध्ये सायकल चालवणाऱ्या बाईबद्दल लोकांनी दुसरं काय समजायचं! भेटायला आलेले, आमच्या भागातल्या रस्त्यांचं काम बघणारे पालिकेचे साहेब तर हळहळत कन्नडमध्ये म्हणाले, "बघा, जन्मभर याच रस्त्यावरून फिरल्या, काही झालं नाही. गेल्या त्या अंथरुणात." म्हणजे तिचं मरणसुद्धा यांच्या रस्त्याचं प्रशस्तिपत्रक!

आत्या निवृत्त शिक्षिका. आमच्याच घरी राहायची. घरासमोर शाळेचं फाटक आहे आणि मधे हा रस्ता. फुटपाथवर मोटारी उभ्या, त्यामुळे मुलं रस्त्यातूनच चालतात. ओलांडण्यासाठी मारलेले पांढरे पट्टे कधीच झिजून गेले होते. अर्ज करून करून आत्या थकली आणि एके सकाळी दारातली रांगोळी झाल्यावर डबा घेऊन थेट रस्त्यात उतरली. वाकून जाडजाड पट्टे ओढले. रांगोळीवर चाक घालायला आपल्याकडे माणूस जरा कचरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरंच गाड्या हळू व्हायच्या. कुणी शिव्या द्यायचं, पण ब्रेक दाबून! दुपारपर्यंत पट्टे पुसले जात, की शाळा सुटायच्या आधी ही पुन्हा हजर.

मला संताप यायचा. "त्यांचं काम तू का करतेस? अशाने ते कधीच पट्टे मारणार नाहीत!"

"सुम्ने उगीच वाद घालू नको रे," ती म्हणायची. "मक्कळु, शाळेची पोरं, तिकडं खोळंबलीत, अल्लवा? तू अर्ज घेऊन जा, मी डबा घेऊन जाते."

गेलो. साहेबांनी अर्ज बाजूला सरकवला आणि हसून म्हणाले, "नीवे चेन्नागी हाक्तीरल्ला!" तुम्हीच तर छान काढता की... यावर माणसाने कुठे डोकं आपटावं?

आत्या गेली आणि रिवाजाप्रमाणे आमच्या दारातली रांगोळी थांबली. रस्त्यावरचीही थांबली. शेजारणींनीही आमच्या दुःखाचा मान राखून तिथे हात लावला नाही. सुतक आम्हाला होतं, ते रस्त्यालाही लागलं. गाड्यांना मात्र कसलं सुतक? एका दुपारी शाळेतल्या एका मुलीला स्कूटरचा धक्का लागला. गुडघे फुटले, एवढ्यावर निभावलं. ती रडत आमच्याच पायरीवर बसली होती, आणि मी तिच्या गुडघ्यावर पाणी ओतताना मनातून चरफडत होतो. साहेबांवर, त्या स्कूटरवाल्यावर, आणि खरं सांगायचं तर आत्यावरही. गेली ती गेली, आणि हे माझ्या गळ्यात टाकून गेली.

मी डबा काढला. बायको दारात आडवी आली. "अहो, सुतकात रांगोळी? लोक काय म्हणतील?"

"ही रांगोळी नाही," मी म्हणालो, "रस्ता आहे."

ती बाजूला झाली. जन्मात कधी रांगोळीला हात न लावलेल्या माझे पट्टे शेवग्याच्या शेंगांसारखे वाकडे आले. तरी गाड्या हळू झाल्या.

याला आता बरेच आठवडे झाले. परवा साहेब तिथून जाताना थांबले, काच खाली केली आणि म्हणाले, "अम्मांची परंपरा चालू ठेवलीत, फार बरं वाटलं." डबा त्यांच्या डोक्यात घालावा असं मनात आलं. नवा अर्ज दिलाय, त्याचं नावही त्यांनी काढलं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, डब्यातली रांगोळी संपली की बस्स. पुन्हा भरायची नाही. बघू मग काय करतात.

आत्याचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला तिच्या बोटांचे पांढरे ठसे अजून आहेत. काल तो संपला. मी तो उंच फळीवर ठेवून दिला, चहा घेतला, पेपर उघडला... समोर शाळेची घंटा झाली. मी चपला घालून रांगोळी आणायला दुकानात गेलो.