पाटावरची चक्की

पोरगी नुकतीच रांगायला लागलेली आणि नवऱ्याला घरात चक्की हवी होती. पिठाची नाही. तो अंधेरीला एका बियर बनवणाऱ्या हॉटेलात टाक्या धुतो, पण त्याला जन्मभर टाक्या धुवायच्या नव्हत्या, बियर बनवायला शिकायचं होतं. आधी घरी थोडी करून बघतो, बोलला. आमची घाटकोपरला एक खोली, त्यातच ओटा, त्यातच पाळणा, त्यातच सासूबाई. मला शेजाऱ्यांची भीती, वासाची भीती, आणि सगळ्यात जास्त पोरीच्या बोटांची. दिसेल त्या भोकात बोट घालायची ती. मोरीच्या जाळीत, पंख्यात, माझ्या नाकात.

बियरला जव लागतात, मोड आणून वाळवलेले. ते फोडायचे पण पीठ करायचं नाही, टरफल राहायला पाहिजे, कारण गरम पाण्यात भिजवल्यावर त्या टरफलांतूनच पाणी गाळून खाली येतं. हे आता कळतं मला. पहिल्यांदा मी मिक्सरला लावले, झाली खळ, फडक्यातून थेंब उतरेना, सगळं फेकलं. मग गिरणीत नेले तर गिरणीवाला बोलला, "वहिनी, कोंबड्या पाळल्या काय? ह्याचा वास पुढच्याच्या गव्हात उतरेल, शिव्या मी खायच्या."

मग चक्की विकत आणायची ठरली. त्याला सुट्टी नाही, मीच गेले पोरीला कडेवर घेऊन. दुकानात दोन होत्या. एकीत दोन लोखंडी रूळ शेजारी शेजारी, वर मोठं उघडं तोंड. दुसरीत खाचा पाडलेल्या दोन चकत्या समोरासमोर, दाणे अरुंद नळीतून आत जाणार. नवऱ्याने रुळांची सांगितली होती, तिच्यात टरफल चांगलं राहतं म्हणे. दुकानदार हँडल फिरवून दाखवत होता तेवढ्यात पोरगी कडेवरून वाकली, हात सरळ रुळांकडे. मी अशी ओढली तिला की ती रडायलाच लागली. दुकानदार हसला, "पोरं आहेत ताई, करणारच." मी चकत्यांची दाखवली, बोलले हीच द्या.

नवरा घरी आला, बघितली, कपाळाला हात लावला.

"तुला रुळांची सांगितली होती ना? ही मसाला दळायची आहे."

"हिच्यात बोट जात नाही."

"अगं, मला काय बोटांची बियर करायची आहे?"

दिवसभर पोरगी अंगावर, जेवण धड नाही, त्यात भांडायला ताकद कुठून आणू.

चक्की बसवायचे वांधे वेगळेच. तिला खालून स्क्रू असतो, टेबलाच्या कडेला आवळायचा. आमच्याकडे टेबल नाही, आणि ओट्याचा दगड जाड, स्क्रू तेवढा उघडेना. सासूबाईंनी पाट काढला. त्याच्या कडेला ती घट्ट बसली आणि मी विळीवर बसतात तशी पाय दुमडून पाटावर बसले. आमच्यात दळण-कांडण बसूनच करतात, कोणाला काही वेगळं वाटलंच नाही.

चकत्या आवळल्या की पीठ, सैल केल्या की आख्खे दाणे खाली. हात भरून आले माझे. सासूबाई मालवणच्या, त्या बोलल्या, "सुक्या दाण्याचा पीठच होतला गो, पाण्याचो हात लाव." मी डाळीला लावतात तसं सढळ पाणी लावलं, आणि सगळा चिकटा चकत्यांत बसला. रडूच आलं. जुन्या टूथब्रशने घासघासून काढलं, वाळवलं. दुसऱ्या खेपेला नुसता ओला तळवा दाण्यांवरून फिरवला, थोडा वेळ ठेवले, आणि दाणा फुटला, टरफल तसंच्या तसं.

"झकास!" नवरा बोलला. "ऊठ, मी फिरवतो."

मी उठले, चहाचा कप हातात घेतला. सासूबाई पडलेले दाणे वेचत होत्या. पोरगी पाळण्यात असेल असं मला वाटलं, त्यांना वाटलं माझ्याजवळ. मी आजपर्यंत वरचं तोंडच बघत आले होते. पण पुढून, भरड पडते तिथे, चकत्यांची कड उघडीच फिरते, आणि चक्की पाटावर म्हणजे ती कड बरोबर पोरीच्या हाताशी. ती पडणारी भरड धरायला गेली.

मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही. कप पडला. नवऱ्याचा हात जागच्या जागी थांबला.

तिची बोटं चकत्यांना टेकलेली. पिठाने पांढरी झालेली, बाकी काही नाही. मी एकेक बोट चाचपलं, परत चाचपलं. ती पिठाचं बोट चोखत बसली.

नवऱ्याने हँडल काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे तुझ्याकडेच ठेव."

सुट्टी मिळाली तशी त्याने पाटच ओट्यावर नट-बोल्टने पक्का केला. आता उभं राहून दळावं लागतं, पाठ मोडते. बियर चवीला कशी होते मला ठाऊक नाही, मी घेत नाही. तो दाणे काढून बसतो आणि बोलतो, "हँडल दे ना." मी तांदळाच्या डब्यात हात घालते, पण आधी विचारते, "पोरगी कुठंय?"

"माझ्या मांडयेर आसा गो," सासूबाई बोलतात. मी वळून बघते, मगच देते.