तारवाले आणि फोडलेली गिटार

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तंतुवाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं आडनाव केव्हाच मागे पडलं, सगळे त्यांना तारवाले म्हणतात. दुकानात शिरलं की आधी शेगडीवर तापणाऱ्या, लाकूड सांधायच्या सरसाचा वास येतो आणि मग नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेले तारवाले दिसतात. वाद्याचा नखाएवढा ढलपाही ते फेकत नाहीत. गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुकडे सगळे आणलेत ना?"

त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या दप्तरात पेन्सिलींपेक्षा वाद्यांच्या खुंट्याच जास्त असायच्या, म्हणून घरीदारी तिचं नाव खुंटी पडलं. ती बापाच्या शेजारी बसून काम शिकली आणि परदेशी गेली. तिथे नऊ वर्षं ती एका नावाजलेल्या गायकाची वाद्यं सांभाळत होती.

मागच्या वर्षी तारवाल्यांचा हात थरथरायला लागला. खुंटीने परत येऊन दुकान हातात घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण हे फोनवर विचारलं तर ती "बघू" म्हणून मोकळी होणार! तेवढ्यात तिने एका मोठ्या संगीत महोत्सवाला बोलावलं. तारवाले जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला निघाले.

"तिकडे कोणाचं वाद्य हिसकावून दुरुस्त करत बसू नका," त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, बॅग भरता भरता बजावलं.

तिथे पोचल्यापासून त्यांना धक्क्यावर धक्के बसले. मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. गुडघाभर चिखलात माणसं आनंदाने लोळत होती. फाटकावरच्या बाईने त्यांच्या हातावर स्पंजाचे दोन बोळे ठेवले.

"हे कशाला?"

"कानात घालायला, बाबा," खुंटी म्हणाली.

"गाणं ऐकायला आलोय ना आपण?"

खुंटी हसली आणि तिने त्यांना रंगमंचाच्या कडेला, वाद्यांच्या पेट्यांजवळ खुर्चीवर बसवलं. पहिला ठोका पडला तो तारवाल्यांच्या कानात नव्हे, बरगड्यांत. त्यांनी गपचूप बोळे घातले.

ऊन कलल्यावर तो गायक आला. शेवटच्या गाण्याआधी खुंटीने त्याच्या हातात एक लाकडी गिटार दिली. तारवाल्यांनी सवयीने एक बोळा काढला. अशा गोंगाटातही गिटार सुरात लागली होती, सहाच्या सहा तारा. बापाची छाती फुगली. गाणं संपलं. गायकाने गिटार दांडीला धरून डोक्यावर उचलली आणि जमिनीवर आपटली.

हजारो माणसं आनंदाने ओरडली. "सांगितलं तेव्हा काकूंनाही खोटं वाटलं," ते नंतर मला म्हणाले, "पण मी उठलो कधी ते मलाच कळलं नाही." ते थेट रंगमंचावर गेले, गुडघ्यांवर बसले आणि रुमालात तुकडे गोळा करू लागले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग! टाळ्या आणखी वाढल्या. गायकाने वाकून नमस्कार केला, तर तारवाले त्याला म्हणाले, "तो पायाखालचा ढलपा द्या."

गायकाच्या हातात उरलेला दांडीचा तुकडा घेऊन खुंटीने त्यांना हाताला धरून मागे आणलं. खुर्चीवर बसून त्यांनी तुकडे जुळवायला घेतले आणि दांडीपाशी त्यांची बोटं थांबली. लाकूड अर्धंच मोडलेलं होतं. उरलेलं अर्धं कापलेलं होतं, बारीक करवतीने, सरळ. कापाच्या कडेला केसाएवढी एक रेघ होती. एक दात मोडलेल्या करवतीचीच अशी रेघ पडते. ती करवत त्यांनीच खुंटीला जाताना दिली होती.

"हे तू कापलंस?"

खुंटीची मान खाली गेली. "एका फटक्यात तुटावी लागते, बाबा. रोज एक. ती त्यासाठीच आणतात. स्वस्तातली असते."

ज्या हाताला त्यांनी सांधायला शिकवलं, त्याच हाताने हा काप घेतला होता. दुकानाचं विचारायला आलेला माणूस ते विचारायचंच विसरला. ते नुसते अंगठ्याने ती रेघ चाचपत राहिले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं.

"अर्ध्या कापलेल्या दांडीवर तार सुरात राहत नाही. किती वेळ लागला तुला?"

"तास."

"फोडायचीच होती ना? तो गायक तरी कुठे ऐकत होता!"

"नव्हता ऐकत." खुंटी म्हणाली. "पण बेसूर वाद्य माणसाच्या हातात कसं द्यायचं, बाबा?"

तेव्हा त्यांनी विचारलं, "दुकान चालवशील का?" ती "बघू" म्हणाली नाही. रुमालाची गाठ तिनेच मारली, घट्ट, आणि रंगमंचावरून उचललेला एक ढलपा स्वतःच्या खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

आता ती गिटार दुकानात आहे. थरथरत्या हाताने तारवाल्यांनी पोटाचे सगळे तुकडे चिकटवले, दोन महिने लागले. दांडी मात्र अजून दोन भागांत टेबलावर पडलेली आहे.

"ती पण चिकटवून टाका की एकदाची, जागा अडलीय," काकू रोज म्हणायच्या.

"ते माझं काम नाही," तारवाल्यांचं उत्तर.

काल दुपारी मी खाली गेलो तर तारवाले शेगडी पुसत होते. सकाळी विमानतळावरून खुंटीचा फोन आला होता. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, सरस तापवून ठेवा."