आपल्या चाकांनी

आमची मोटरहोम म्हणजे चाकांवरचं छोटं घरच. तिचा मागचा कॅमेरा खरं तर पार्किंगसाठी असतो. पण मेडनहेडहून एडिनबराला जाताना मी तो दिवसभर चालू ठेवला होता. त्या छोट्या पडद्यावर माझ्या सासऱ्यांची निळी पिकअप आमच्या मागून येत होती. आत कोणी नव्हतं. रस्ता वळला की तिचं स्टिअरिंग आपोआप वळायचं, रस्ता सरळ झाला की हळूच जागेवर यायचं. बघता बघता मला वाटायला लागलं, आत कोणीतरी बसलंय, फक्त मला दिसत नाहीये.

सासरे माझ्या शेजारच्या सीटवर होते. त्यांना तो पडदा नीट दिसत नव्हता. नजरेच्या मधोमध डाग, कडेकडेचं काय ते दिसतं. लायसन्स त्यांनी स्वतःच परत पाठवलं होतं, कुणी सांगायची वाट न बघता. सासूबाई गेल्यापासून ते मेडनहेडच्या घरात एकटे राहत होते. आमच्याकडे एडिनबराला कायमचं यायला वर्षभर आढेवेढे घेतले, आणि शेवटी घर विकायला तयार झाले ते एकाच अटीवर: पिकअप बरोबर आली पाहिजे.

"लॉरीवर घालून आणू या," नवरा एडिनबराहून फोनवर म्हणाला.

"लॉरीवर नको," सासरे म्हणाले. "आडवं घालून न्यायचं ते माणूस गेल्यावर. तिची चाकं धडधाकट आहेत. ती आपल्या चाकांनी येईल."

ते गाडीबद्दल बोलतायत की स्वतःबद्दल, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हटलं, "मी आणते ओढून." बोलून गेले आणि मग कळलं की विकतचं दुखणं घेतलंय.

कारण गाडी ओढणं म्हणजे दोरी बांधून निघणं नव्हे. आधी मोटरहोम किती वजन ओढू शकते ते कागदावर बघायचं. मग तिच्या मागे टो-बार, म्हणजे ओढायची गाडी अडकवायचा लोखंडी गोळा. पिकअपच्या बंपरमागे पोलादी पट्ट्या, आणि त्या पट्ट्या आणि गोळा जोडणारी, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट. तिच्यातून एक केबल पिकअपच्या ब्रेकपर्यंत जाते, म्हणजे मी ब्रेक मारला की मागचीही थांबते. चौकट सुटलीच तर ब्रेक आपोआप लागावा म्हणून आणखी एक बारीक केबल. मागे दिव्यांची पट्टी, दोन लाल त्रिकोण, आणि मोटरहोमचा नंबर.

या नंबरवरून सासरे रुसले. "तिचा स्वतःचा नंबर आहे की!"

"बाबा, आता ती माझ्या मागून येणार. कायद्याने माझाच नंबर लावायचा."

"म्हणजे आडनाव बदललं तिचं."

"माझंही बदललं होतं. काही झालं नाही मला."

त्यावर ते खूप दिवसांनी हसले.

बाकीचं सगळं त्यांनीच शिकवलं. डोळ्यांनी नाही, बोटांनी. प्रत्येक खिटी चाचपून बघायची, मग मोठ्याने म्हणायचं: गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, किल्ली आत, स्टिअरिंग मोकळं. निघायच्या आधी मी ते शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. मग त्यांनी रिकाम्या घराकडे वळून "येतो" म्हटलं. आपल्यात "जातो" म्हणत नाहीत म्हणून म्हटलं, एवढंच. परत यायचं नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. घराच्या किल्ल्या त्यांनी सकाळीच एजंटच्या हातात ठेवल्या होत्या.

बर्मिंगहॅम गेलं, मँचेस्टरच्या पाट्या गेल्या. ओढताना ताशी साठ मैलांच्या वर जायचं नसतं, त्यामुळे सगळं जग आम्हाला ओलांडून पुढे जात होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पुढे टेकड्या सुरू झाल्या, त्यांच्यावर मेंढ्या, मेंढ्यांवर धुकं. सासरे मधूनच विचारत, "येतेय ना?" मी म्हणे, "येतेय." कित्येक मैल आमच्यात एवढंच बोलणं झालं.

लँकेस्टरच्या पुढे एका सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या चहापाण्याच्या थांब्याला, थांबलो. त्यांना थोडा वेळ पिकअपमध्ये बसायचं होतं. माझ्या जुडग्यातल्या पिकअपच्या दुसऱ्या किल्लीने मी दार उघडून दिलं. चहा घेऊन परत आले तेव्हा ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. मी लांबच उभी राहिले. चहा निवला. मग ते उतरले, स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि आम्ही निघालो. पाढा म्हणायचा राहिला.

बाहेर पडताना राउंडअबाउटच्या गोल चौकात मी वळले, आणि पडद्यावर स्टिअरिंग वळलं नाही. पुढची चाकं तशीच सरळ, टायर रस्त्यावर खरडतायत, किंचाळतायत. दहा यार्डांत गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले. ही जोडी मागेही घेता येत नाही, चौकट वाकते. उतरून बघते तर पिकअपमध्ये किल्ली नाही, आणि स्टिअरिंग लॉक.

किल्ली सासऱ्यांच्या खिशात होती.

मी चिडले, खोटं कशाला बोलू. "बाबा, तुम्हीच शिकवलंत ना? किल्ली आत, स्टिअरिंग मोकळं! टायर फुटला असता!"

"किल्ली आत ठेवून कोण उतरतं गं? चोराला आमंत्रण." त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली, पण नजर खाली. मग म्हणाले, "सवयीनं नाही काढली. मुद्दाम काढली. खिसा रिकामा लागतो. सकाळी घराची दिली, हीसुद्धा आत राहिली. चाळीस वर्षं खिशात काहीतरी वाजत होतं."

माझा राग जागच्या जागी विरला. लाजच वाटली. मी किल्ली लावली, लॉक सुटल्याचा आवाज ऐकला, टायर बघितले. शाबूत होते. मग जुडग्यातली दुसरी किल्ली काढून त्यांना देऊ लागले. "ही ठेवा तुमच्याकडे."

"जी किल्ली लावायची नाही, ती घेऊन मी काय करू?"

त्या किल्लीला लागूनच कडीत आमच्या एडिनबराच्या घराची किल्ली होती. त्यांच्यासाठी खोली रंगवली होती, पलंग आणला होता, बाथरूमला आधाराची दांडी बसवली होती. किल्ली करून घ्यायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पाहुण्याला कोण किल्ली देतं?

मी ती काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला. स्कॉटलंडची बॉर्डर येईपर्यंत त्यांचा हात खिशातच होता.

एडिनबराला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आतून नवरा दार उघडायला येताना काचेतून दिसला. मी हातानेच त्याला थांब म्हटलं. सासरे दारापाशी गेले, कडी चाचपली, किल्लीचं टोक दोनदा चुकलं. मी पुढे झाले नाही. तिसऱ्यांदा किल्ली बसली, फिरली. दार ढकलून ते म्हणाले, "आलो रे."