बिनआवाजी कॉम्प्युटर

लक्कीजींनी दुकानातला छताचा पंखा बंद केला, काउंटरवर चालू करून ठेवलेल्या मदरबोर्डाजवळ कान नेला आणि म्हणाले, "सर जी, ये तो सीटी मार रहा है."

मीही कान नेला. काही नाही. पंखा थांबल्यामुळे उलट फार प्रसन्न शांतता होती.

"बाहर से आ रही होगी," मी म्हणालो.

"नहीं जी, इसी में से है. बारीक सी."

"लक्कीजी, मैंने छब्बीस साल सर्वर रूम में निकाले हैं."

हे वाक्य मी चंडीगडमध्ये फार ठिकाणी वापरलं आहे. त्यापुढे लोक गप्प होतात. लक्कीजीही झाले. गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा याचं त्यांचं एक माप ठरलेलं आहे. त्यांनी बोर्ड खोक्यात घातला, पंखा लावला आणि चहा मागवला.

कॉम्प्युटर माझा नव्हता, टिपणीस वहिनींचा होता. टिपणीस साहेब केंद्र सरकारच्या एका खात्यातून रिटायर झाले आणि चंडीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्येच राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. आवाज गेला. श्वास गळ्यातल्या भोकात बसवलेल्या नळीतून चालतो. त्या नळीत कफ साठला की आधी एक बारीक खरखर येते. ती ऐकली की वहिनी उठतात, सक्शन मशीन लावून कफ ओढून काढतात. उशाशी बेल होती, पण डोळा लागलेला असताना नळी भरली तर बेल वाजवणार कोण? म्हणून सगळी भिस्त वहिनींच्या कानांवर.

वहिनी घरून भाषांतराचं काम करत. टेबल त्याच खोलीत, साहेबांकडे पाठ करून, कारण प्लग तिथेच होता. त्यांचा जुना कॉम्प्युटर मिक्सरसारखा घुमायचा.

"भाऊजी, याच्या आवाजात मला यांची खरखर ऐकू येत नाही," त्यांनी सांगितलं. "दर पाच मिनिटांनी मागे वळून बघते. मान धरली आहे. अजिबात आवाज न करणारा द्या काहीतरी. लॅपटॉप घेऊ का एखादा?"

पंखा नसलेला लॅपटॉप घेतला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण मग त्यात माझं काय राहिलं? मोहालीच्या एका संशोधन संस्थेत मी सर्वर सांभाळायचो. रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात मला कोणी काही विचारलं नव्हतं. इकडे मराठी घरं मोजकी. मंडळाच्या गणपतीत ओळख होते आणि मग वर्षभर डॉक्टरपासून प्लंबरपर्यंत 'आपला माणूस' शोधतात. आपल्या माणसाकडे बिल मागायचं नसतं आणि त्याच्या कामात खोड काढायची नसते. दुसरा नियम मला विशेष सोयीचा होता.

"लॅपटॉपवर डोळे जातील तुमचे," मी म्हणालो. "तुमचाच अपग्रेड करू. नुसता मदरबोर्ड नीट निवडला की झालं."

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती मोठी प्लेट, जिच्यावर बाकी सगळं बसतं. लोकांना वाटतं आवाज फक्त पंख्याचा. पण पंखे किती हळू फिरवायचे हे बोर्ड ठरवतो. काही बोर्डांवर स्वतःचाच एक चिमुकला पंखा असतो आणि तो वर्षभरात भुंगा होतो. हे दोन मुद्दे मी कसोशीने बघितले. मी निवडलेल्या बोर्डावर पंखा नव्हता, नुसते ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे होते. प्रोसेसर कमी तापणारा घेतला, त्यावरही मोठा ठोकळा बसवला. अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी एकही वस्तू नव्हती. खोक्यावर 'सायलेंट' असं छापलेलंही होतं. तिसरा मुद्दा मला पुस्तकी माहीत होता. बोर्डावर वीज पुरवणाऱ्या बारीक कॉइल असतात. कधीकधी त्या विजेच्या चढउताराने थरथरतात आणि त्यातून अगदी उंच पट्टीची शिट्टी निघते. याला कॉइल व्हाइन म्हणतात. ती कागदावर दिसत नाही. ऐकावीच लागते. मी कान लावला, लक्कीजींसमोर, आणि बोर्ड पास केला.

झिरकपूरला जाऊन मी कॉम्प्युटर जोडला आणि बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावून मी तो वहिनींसमोर धरला. आकडा हललाही नाही. असली ॲप खोलीचा एकूण आवाज मोजतात, सुईसारखी शिट्टी त्यात बुडून जाते. हेही मला माहीत होतं. पण आकडा फार छान आला होता.

वहिनींनी कॉम्प्युटरकडे कान केला. "काहीतरी कुईं वाजतंय का हो?"

पलंगावरून टिपणीस साहेबांनी पाटी उचलली. आवाज गेल्यापासून ते पाटीवर लिहून बोलत. त्यांनी एकच शब्द लिहिला: शिट्टी.

यावर माझं जे भाषण झालं, ते मला आजही पाठ आहे. मी सांगितलं, की वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकलेल्या कानांना अचानक शांतता मिळाली की तीच वाजते. असं होतं हे खरं आहे, म्हणून ते जास्त घातक. साहेबांकडे वळून मी मोठ्याने म्हणालो, "साहेब, तुम्ही आराम करा." ज्याचा आवाज गेला आहे त्याच्याशी लोक ओरडून का बोलतात कोण जाणे. मी त्यांतलाच. साहेबांनी पाटी पुसली नाही. अक्षरं माझ्याकडे करून तशीच छातीवर ठेवली.

आठवड्याने वहिनींचा फोन आला. डोकं दुखतंय, म्हणाल्या, दुपारपर्यंत कानशिलं उडायला लागतात. मी हसून म्हणालो, "थोडे दिवस कापसाचे बोळे घाला, वहिनी. कानांना सवय होईल."

मी वाक्य बोललो आणि विसरलो. वहिनी विसरल्या नाहीत. आपल्या माणसाने सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. वहिनी पाठ करून काम करत होत्या, दोन्ही कानांत बोळे. साहेबांचा डोळा लागला होता. नळी भरत गेली असेल, खरखर आली असेल, बराच वेळ आली असेल. जाग आली तेव्हा श्वास जवळजवळ बंद झाला होता. बेल त्यांनी दाबली, असं त्यांनी नंतर लिहून सांगितलं. वहिनींना ऐकू गेली नाही. मग त्यांनी पाटी उचलून मॉनिटरवर फेकली. ती मॉनिटरच्या कडेला लागून फुटली, तेव्हा वहिनी वळल्या. साहेबांचे ओठ निळे होते.

ते वाचले. बारा दिवस हॉस्पिटलमध्ये काढले.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या. मी सफरचंदं नेली होती. ज्याच्या घशाला नळी आहे त्याला सफरचंदं. त्यांनी पिशवी घेतली, बाजूला ठेवली.

"भाऊजी, एक विचारू? ती शिट्टी तुम्हाला ऐकू येत होती का?"

"नाही, वहिनी."

"आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे ठाऊक होतं?"

मी लिफ्टकडे बघितलं. ती वर येत होती, पण आमच्या मजल्यावर थांबली नाही.

"मी तीन आठवडे माझ्याच कानांना खोटं पाडत होते," वहिनी म्हणाल्या. "आणि यांनाही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मला ठाऊक होतं. रिटायर होण्याआधी संस्थेने सगळ्यांची मेडिकल तपासणी केली होती. कानांचा एक आलेख मिळाला. माझ्या आलेखातली रेघ अर्ध्या कागदापर्यंत सरळ गेली होती आणि मग घाट उतरावा तशी खाली. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतलं आता तुम्हाला जवळजवळ ऐकू येणार नाही, सर्वर रूममधल्या घरघरीची देणगी आहे. छब्बीस साल. मी तो कागद वॉरंटी कार्डांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. घरात आमचा फ्रिज दार उघडं राहिलं की बीप करतो म्हणे. बायको दोन वर्षं सांगते आहे. मी तिला सांगितलं होतं, असा काही बीप नसतो, मॅन्युअल बघ.

म्हणजे लक्कीजी, वहिनी, साहेब आणि माझी बायको, चारही जणांना ऐकू येत होतं. पाचवा माणूस तज्ज्ञ होता.

बोर्ड बदलून देतो, असा मी मेसेज केला. उत्तर आलं नाही. वहिनींनी लक्कीजींना घरी बोलावून घेतलं. ते दुसरा बोर्ड घेऊन गेले, खोलीचा पंखा बंद केला, दहा मिनिटं नुसते ऐकत बसले आणि मग साहेबांना विचारलं, "आप बताओ जी, बज रहा है?" साहेबांनी नव्या पाटीवर लिहिलं: नाही. लक्कीजींना मराठी येत नाही. तरी त्यांना ते वाचता आलं.

आता तो कॉम्प्युटर खरोखर बिनआवाजी आहे आणि त्याच्यावर चादर घातलेली आहे. वहिनींनी भाषांतराचं काम परत करून टाकलं. साहेबांकडे पाठ करून त्या आता बसत नाहीत. मी टेबल फिरवून एक्स्टेंशन बोर्ड लावून देतो, असं सुचवून पाहिलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, आणि त्याला मदरबोर्ड लागलाच नसता. "राहू द्या, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. मंडळात भेटतात. नमस्कार करतात. काम सांगत नाहीत.

यातून धंद्याचा धडा एवढाच, की आवाज न करणारं मशीन ज्याला वापरायचं आहे त्याच्या कानांनी तपासावं, बनवणाऱ्याच्या नव्हे. आणि आजारी माणूस पाटीवर काही लिहील तर ते वाचावं.

तो शिट्टी मारणारा बोर्ड लक्कीजींनी मला परत दिला. टाकवेना, म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरला बसवला. हे त्याच्यावरच टाइप करतो आहे. माझ्या मते तो संपूर्ण शांत आहे. बायको मात्र मी तो चालू केला की या खोलीचं दार बाहेरून ओढून घेते.